काठ दिसतोय म्हणून होडी सुरक्षित नसते

पावसाळा ओसरायला लागला की कोकणातल्या गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. 'छोट्या होडीसाठी सुरक्षित जागा' अशा नावाचा. त्यातलं सांगणं थोडक्यात असं : काठ दिसतोय तोवर भीती नाही, खाडीचं मुख सगळ्यांत सुरक्षित, मासळीही तिथेच, सकाळी समुद्र शांत असला की दिवस आपला, खडपाच्या (समुद्रातल्या खडकांच्या) आडोशाला नांगर टाकावा, नारळी पौर्णिमा झाली की दर्या निवळला, आणि चार होड्या दिसतील तिथे आपली पाचवी लावावी. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. पंधरा-सोळा फुटी उघडी फायबर होडी, मागे छोटं इंजिन, आत दोघं-तिघं, अशांनी यावरून जागा ठरवली तर काय होईल, एवढ्यापुरतंच हे उत्तर आहे.

काठापासून सुरुवात करू, कारण बाकीचे गैरसमज त्याच्याच आधाराने उभे आहेत. खोल पाण्यात लाट होडीखालून निघून जाते. वर नेते, खाली सोडते. ती कोसळते तळ जवळ आला की. एक मीटरची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात फुटते. म्हणजे लाटेचा सगळा जोर बाहेर पडतो तो नेमका काठालगतच्या पट्ट्यात, जिथे काठ अगदी हाताशी आल्यासारखा वाटतो. जिच्या बाजू पाण्यापासून दोन वीतच उंच आहेत अशी होडी त्या पट्ट्यात आडवी सापडली, तर किनारा पन्नास मीटरवर आहे याचा फार उपयोग नसतो. वर काठाकडे वारा असताना इंजिन बंद पडलं, तर होडी फुटत्या लाटांत जायला काही मिनिटंच लागतात. थोडी बाहेर असती तर नांगर टाकायला आणि प्लग पुसायला तेवढा वेळ तरी मिळाला असता.

शिवाय काठाजवळची लाट इथल्याच वाऱ्याने उठलेली असते असंही नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठलेल्या लांब लाटा हजारो किलोमीटर कापून आपल्याकडे येतात, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, आणि काठावर मात्र अचानक पाणी चढतं. केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात. खोल पाण्यात अशी लाट डोळ्यांना जाणवतही नाही. काठाजवळ आली की ती उभी राहते.

म्हणून अंतर बघू नये, खोली बघावी. जुने लोक ती वावेत मोजतात. एक वाव म्हणजे सहा फूट. दोरीला शिसं बांधून वावेगणिक गाठी मारल्या की मोजायचं साधन तयार, त्याला बॅटरी लागत नाही. तीन-चार वाव पाणी, तळाला वाळू किंवा चिखल, आणि लाटा फुटतात त्या रेषेपासून भरपूर बाहेर : छोट्या होडीने जागा शोधायची ती अशी. तिथे पोचल्यावर नांगर टाकायच्या आधी इंजिन बंद करून दहा मिनिटं होडी नुसती सोडून बघावी. ती वाळूच्या पुळणीकडे वाहत असेल तर ठीक. खडपाकडे किंवा खाडीच्या मुखाकडे जात असेल, तर मासळी कितीही असो, ती जागा सोडावी.

आता खाडीचं मुख. या मुद्द्यात तथ्य आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे. मासळी तिथे असतेच. ओहोटीबरोबर खाडीतली कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर पडते, आणि जिताडा, तांबोशी तिच्या वाटेवर टपून असतात. गरवणारा तीच ओहोटी धरून मुखात जाऊन बसतो. पण बाणकोट, दाभोळ, जयगड, देवबाग, कुठलंही मुख घ्या : आतलं सगळं पाणी एका अरुंद जागेतून बाहेर पडत असतं, पाण्याखाली वाळूचे दांडे असतात, ते पावसाळ्यागणिक जागा बदलतात, आणि समोरून समुद्राची लाट आत शिरत असते. बाहेर धावणारं पाणी आणि आत येणारी लाट समोरासमोर भिडली की लाट आखूड आणि खडी होते. शंभर मीटर बाहेर मजेत झुलणारी होडी तिथे नाक खुपसून पाणी भरून घेते.

हे कधी घडणार याचा अंदाज तिथीवरून बांधता येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब कोकणात अजून चालतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक जागेप्रमाणे पडतो, त्यामुळे भरती-ओहोटीचं छापील कोष्टक जवळ असलेलं बरं. पण ढोबळ अंदाजाला हिशेब पुरतो. पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, पूर्ण भरती साधारण सव्वाअकरा-बाराला येते. तिथून ओहोटी. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं पाणी जातं. म्हणजे दुपारी दोन ते चार. आणि दुपारी दोन ते चार हीच खाऱ्या वाऱ्याच्या भराची वेळ, वायव्येकडून. उधाणाची जोराची ओहोटी आणि दुपारचा वारा असे एकाच वेळी एकमेकांच्या अंगावर येतात, तेही बहुतेक होड्या घराकडे वळतात तेव्हा. अष्टमीला उलट असतं : भरती सकाळी सहाला, दुपारी बाराला सुकती (ओहोटी) संपते, आणि मग पाणी वाऱ्याच्याच दिशेने आत येतं, तेही भांगाचं, म्हणजे मंद. मुख तेच, होडी तीच. पौर्णिमेला दुपारी तीनला जिथे थांबू नये, तिथे अष्टमीला तीनला निवांत बसता येतं. 'मुख सुरक्षित' किंवा 'मुख धोक्याचं' असं सरसकट लिहिणाऱ्याने तिथी आणि वेळ विचारलेलीच नाही.

लाटेच्या या खडेपणाला अभ्यासकही महत्त्व देतात. समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेने २०२० मध्ये छोट्या नौकांसाठी वेगळी सूचना सेवा सुरू केली, सात मीटरपर्यंत रुंदीच्या होड्यांसाठी. तीत नुसती लाटेची उंची बघून धोका ठरवत नाहीत. लाट किती खडी आहे, किती दिशांनी येते आहे आणि वारा किती झपाट्याने वाढतो आहे हे बघतात. मोबाईलवर 'लाट एक मीटर' एवढंच वाचून निघणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

ज्यांना खाडीच हवी त्यांनी मुख सोडून आत, पहिल्या वळणापलीकडे जावं. तिवरांच्या कडेने भरतीच्या पाण्यात बोय, शेंगाळा मिळतो, आणि लाट तिथवर पोचत नाही.

सकाळच्या शांततेचं म्हणणं अर्धं खरं आहे. गरवायला सकाळच चांगली, यात वाद नाही. पण थंडीच्या दिवसांत पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे काठाजवळचं पाणी डोंगराच्या आडोशाला आरशासारखं दिसतं. होडी बाहेर जाते तसा आडोसा संपतो, आणि वारा तिला आणखी बाहेर ढकलत राहतो. वल्ह्यांवर विसंबून असणाऱ्याला हे येताना कळतं. पुढे दहा-अकराला वारा पडतो, सगळं थबकतं, आणि ही थांबलेली वेळ लोकांना 'समुद्र निवळला' अशी वाटते. प्रत्यक्षात वारा दिशा बदलत असतो. तासा-दोन तासांत वायव्येचा सुरू होतो. त्या थांबल्या वेळीच गळ आवरायला घ्यावेत. मासळी नेमकी तेव्हाच लागायला लागते, हेही मान्य.

खडपाचा आडोसा. खडपात गोबरा, पालू मिळतो म्हणून मोह होतो. वायव्येच्या वाऱ्याला खडपामागे आडोसा मिळतोही. पण लाट वाऱ्यासारखी एका बाजूने येऊन थांबत नाही, ती खडपाला वळसा घालून दोन्हीकडून मागे येते आणि मागे एकमेकींवर चढते. दुसरं, भरतीला ज्या खडपावर दोन मीटर पाणी असतं त्यावरून लहान लाटा न फुटता जातात, म्हणून तिथे खडप आहे हेच नवख्याला कळत नाही. पाणी उतरतं, किंवा मधूनच एखादी मोठी लाट येते, आणि ती तिथेच फुटते. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. मालवण-वेंगुर्ल्याकडे साधारण त्याच्या निम्मा. म्हणजे उत्तरेच्या माणसाचा खडपाचा अंदाज दक्षिणेत चालत नाही आणि उलटही नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभारायला घेतला तो भोवतीच्या खडपांमुळे, शत्रूची जहाजं जवळ येऊ नयेत म्हणून. ती खडपं आजही तेच काम करतात. मालवणात तर १९८७ सालचं सागरी अभयारण्य आहे आणि त्याच्या गाभा क्षेत्रात मासेमारीला बंदी आहे, तेव्हा तिथला आडोसा कायद्यानेही आपला नाही.

खडपाजवळ थांबायचंच तर नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, टाकावा. मागच्या बाजूने टाकलेला नांगर मी बघितला की घाबरतो. इंजिनाचं वजन, माणसांचं वजन आणि होडीची सगळ्यांत बुटकी कड मागेच असते. दोर ताणला की लाट सरळ आत. दोर खोलीच्या निदान पाचपट सोडावा, आणि तो झटकन कापायला सुरी हाताशी ठेवावी. नांगर खडपात अडकला तर तो वाचवण्याच्या नादात होडी घालवू नये.

नारळी पौर्णिमेबद्दल थोडक्यात. सण आपल्या जागी, नारळ जरूर अर्पण करावा. पण पौर्णिमा म्हणजे उधाण, हे विसरून कसं चालेल? आणि मोठी ओहोटी पौर्णिमेनंतर आणखी एक-दोन दिवस असते. यंत्रनौकांवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते, आणि मोसमी पाऊस कोकणातून जातो ऑक्टोबरात. मधल्या काळात मोठी नौका बाहेर पडते म्हणून सोळा फुटी होडीने निघायचं कारण नाही. नद्या भरलेल्या असतात, त्यामुळे खाड्यांची ओहोटी याच दिवसांत सर्वांत जोराची असते.

राहिल्या चार होड्या. त्या कुणाच्या आहेत ते आधी बघावं. स्थानिक कोळी किंवा गाबीत तांडेल (होडीचा म्होरक्या) असेल तर त्याला जवळून विचारावं, बहुतेक जण सांगतात. तो उठला की आपणही उठावं. पण बाकीच्या तिन्ही होड्या तोच मजकूर वाचून आलेल्या असू शकतात. आणि त्यांच्यातलं एखादं इंजिन बंद पडलं तर कुणाकडे ओढायचा दोर आहे का, हेही निघण्याआधी विचारलेलं बरं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. तो फोनमध्ये असावा, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत असावा, आणि पिशवी खिशात नव्हे, अंगावरच्या लाइफ जॅकेटला बांधलेली असावी.