'जरा अभ्यास करा' म्हणणाऱ्या इतिहासप्रेमींना

इतिहासप्रेमी (हे नाव तुम्हीच घेतलंय, मी दिलेलं नाही),

सप्रेम नमस्कार. 'आपल्या नावातून रोमन नाव काढा' या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. त्या लेखात एक तक्ता होता: आपल्या नावाच्या आद्याक्षरावरून रोमन पहिलं नाव आणि आडनावाच्या आद्याक्षरावरून रोमन कुळनाव काढायचं. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. आद्याक्षरावरून रोमन नाव काढणं हा पोरखेळ आहे. रोमन माणसाचं नाव कुळावरून ठरायचं, अक्षरावरून नाही. बायकांना पहिलं नाव नसायचंच, तरी मी ते वाटत सुटले आहे. डब्ल्यू लॅटिनमध्ये नव्हता. सम्राट क्लॉडियसने परक्यांना रोमन नावं लावायला बंदी घातली होती. आणि शेवटी, 'मॅडम, लिहिण्याआधी जरा अभ्यास करा.'

आधी त्या शेवटच्या वाक्याचं बघू. माझं म्हणणं खोडून काढा, माझी हरकत नाही. पण पाच मुद्दे मांडून झाल्यावर सहाव्या वाक्यात समोरच्याची लायकी काढायची, ही कुठली रीत? मी उभी हयात शाळेत इतिहास शिकवला. वसईला राहायला होतो तेव्हा संध्याकाळी एका वयोवृद्ध फादरांकडे लॅटिन शिकायला जात असे. विभक्ती चुकली की ते वहीत लाल रेघ ओढायचे आणि पुन्हा लिहायला लावायचे. 'जरा अभ्यास करा' हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, आणि त्यांना तो म्हणायचा अधिकार होता.

डब्ल्यूचं मान्य. इ.स.पू. पहिल्या शतकातल्या सिसेरो या रोमन वक्त्याच्या काळी डब्ल्यू नव्हता, जे नव्हता, यू आणि व्ही मिळून एकच अक्षर होतं. तक्त्यात डब्ल्यूला वेगळा रकाना द्यायला नको होता. काल रात्रीच तो काढून व्हीमध्ये मिसळला. आता वाघ आडनावाच्या मंडळींनाही वैद्यांसारखंच व्हॅलेरियस हे कुळनाव मिळेल. झालं समाधान?

आता 'अक्षरावरून नाही' या तुमच्या वाक्याकडे येते. इतक्या ठामपणे लिहिलंय की उत्तर सविस्तरच द्यायला हवं.

रोमन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे सम्राट येण्याआधीच्या राजवटीच्या, अखेरच्या काळात रोमन पुरुषांची पहिली नावं वापरात किती होती? अठराच्या आसपास. अख्ख्या शहरात तेवढीच. त्यामुळे ती कोणी पूर्ण लिहीतच नसे. एम म्हणजे मार्कस, एल म्हणजे लुसियस, क्यू म्हणजे क्विंटस, पी म्हणजे पब्लियस. नुसता टी आला तर टायटस आणि टी-आय आलं तर टायबेरियस. एमच्या पुढे वर एक छोटी खूण असली तर मार्कस नव्हे, मॅनियस. थडगं असो, नाणं असो की सरकारी फलक, रोमन माणसाच्या डोळ्यांना पहिलं नाव दिसायचं ते अक्षराच्या रूपात, आणि अक्षर दिसलं की नाव आपोआप तोंडात यायचं. माझ्या तक्त्याचा पहिला रकाना हेच करतो. मकरंदचा एम घेतो आणि मार्कस म्हणतो. यात पोरखेळ कुठे आला ते तुम्हीच सांगा.

गायसची गोष्ट तर लेखातही होती, पण तिथवर तुम्ही वाचलं असेल असं वाटत नाही. गायस लिहायचं असेल तर सी लिहीत. कारण फार जुन्या काळी जी हे अक्षरच नव्हतं, दोन्ही उच्चारांना सी चालायचा. जी आला इ.स.पू. तिसऱ्या शतकात, आणि प्लुटार्क हा ग्रीक लेखक त्याचं श्रेय स्प्युरियस कार्व्हिलियस या गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाला देतो. फी घेऊन चालणारी रोममधली पहिली शाळाही त्यानेच काढली म्हणे. (अक्षर आणणारा शेवटी मास्तरच!) नवं अक्षर आलं तरी गायसचा सी काही हलला नाही. म्हणून माझ्या तक्त्यात गणेशला गायस मिळतं, पण पाटीवर त्याने सी लिहायचा. हे मी अभ्यास न करता लिहिलं, नाही का?

आणि 'कुळावरून'? रोममध्ये पँथिऑन या प्राचीन मंदिरासमोर उभं राहून मी माझ्या नातवाला दर्शनी भागावरची ती भलीमोठी ओळ वाचून दाखवली होती. 'एम. अग्रिप्पा, एल. एफ.' अशी सुरुवात आहे. म्हणजे मार्कस अग्रिप्पा, लुसियसचा मुलगा. पुढे तिसऱ्या खेपेला कॉन्सल (वर्षभरासाठी निवडला जाणारा रोमचा प्रमुख अधिकारी) असताना त्याने हे बांधलं असं येतं. आजची इमारत नंतरच्या हेड्रियन या सम्राटाच्या काळातली, पण ओळ अग्रिप्पाच्या नावाचीच ठेवली आहे. आता या ओळीत त्याचं कुळनाव शोधा. व्हिप्सेनियस. सापडलं? सापडणार नाही, कारण ते तो लावतच नसे. बापाचं नावही तिथे एका अक्षरात उरकलंय.

कुळाचं नाव रक्तातूनच यायचं असंही नव्हतं. सिसेरोने आपला गुलाम टायरो याला इ.स.पू. 53 मध्ये मुक्त केलं तेव्हा तो मार्कस टुलियस टायरो झाला, मालकाची दोन्ही नावं घेऊन. गायस ऑक्टेव्हियस नावाचा मुलगा दत्तक जाऊन गायस ज्युलियस सीझर झाला आणि पुढे ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. इ.स. 212 मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळपास सगळ्या मुक्त रहिवाशांना नागरिकत्व दिलं, तेव्हा त्याचं कुळनाव घेऊन गावंच्या गावं ऑरेलियस झाली. त्यांचं कुळ तपासायला कोण बसलं होतं?

अक्षरावरून नाव काढण्याचं म्हणाल, तर ज्या घरात बारशाआधी पंचांगातलं अवकहडा चक्र उघडलं जातं, अश्विनी नक्षत्र निघालं की चू, चे, चो, ला यांतलं चरणाचं अक्षर धरून नाव शोधलं जातं, त्या घरातल्या माणसाने तरी या प्रकाराला हसू नये. तुमच्या घरी तसं करत नसतील तर गोष्ट वेगळी.

क्लॉडियसची बंदी तुम्ही अर्धीच सांगितलीत. सम्राटांची चरित्रं लिहिणारा रोमन लेखक स्वेटोनियस लिहितो की परक्यांनी रोमन नावं, निदान कुळनावं, लावू नयेत असा त्याचा हुकूम होता. नागरिक नसताना नागरिक म्हणून मिरवणाऱ्यांचं त्याने रोममधल्या एस्क्विलाइन टेकडीजवळच्या मैदानात कुऱ्हाडीने डोकं उडवलं, हेही तिथेच आहे. माझे नागपूरचे वाचक रोमच्या मतदार यादीत घुसायला निघालेले नाहीत, तेव्हा तुमची काळजी अस्थानी आहे.

बायकांच्या नावांचा मुद्दा मला नवा नाही. मार्क अँटनी या रोमन सेनापतीच्या मुलींपैकी दोघी बापाच्या कुळनावावरून थोरली अँटोनिया आणि धाकटी अँटोनिया म्हणून ओळखल्या जातात, ठाऊक आहे. पण हौसेने नाव विचारणाऱ्या प्रत्येक मुलीला मी 'तू थोरली, तू धाकटी' सांगून वाटेला लावू का? मुलींच्या पहिल्या नावांचा रकाना आहे तसाच राहील.

जाता जाता तुमचंही नाव काढून पाहिलं. आद्याक्षर आय. रूढ यादीत आयचं पहिलं नाव नाही, म्हणून त्या रकान्यात मी एक दुर्मीळ नाव घातलंय: युल्लस. मार्क अँटनीच्या एका मुलाचं हे नाव. इ.स.पू. 10 मध्ये तो कॉन्सल होता, आणि इ.स.पू. 2 मध्ये ऑगस्टसच्या मुलीशी असलेल्या भानगडीत त्याने जीव गमावला. नाव पसंत नसेल तर स्वतःचं खरं नाव कळवा, दुसरं काढून देते.