आधी खिशाला घळ पाडा

सांदण दरीचं रील बघितलंत ना? झालं मग, आता कॅन्यनिंग, म्हणजे दोर लावून दऱ्या-धबधबे उतरणं, सुरू करायलाच हवं. आधी एखाद्या ग्रुपबरोबर जाऊन बघू, त्यांचंच सामान वापरू, आवडलं तर घेऊ, असला मध्यमवर्गीय विचार चुकूनही करू नका. दुसऱ्याच्या घामाचं हार्नेस, म्हणजे दोराला लटकायचा तो कमरेचा पट्टा, घालणार का तुम्ही?

हेल्मेटपासून सुरुवात करा. बाईकचं चालेल का असं दुकानात विचारू नका, मी विचारलेलं, तो पोरगा अजून हसत असेल. मग कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी. एकेक हजाराच्या आसपास जातो, डझनभर घ्या. लागतात दोन-तीनच, पण चालताना नंदीबैलासारखं वाजायला नको का? त्यावर बारीक अक्षरात २२ केएन (किलोन्यूटन) कोरलेलं असतं, म्हणजे सव्वादोन टन झेपतं, तुमची गेल्या दिवाळीची चकली-करंजी धरूनसुद्धा. कडीच्या उघडणाऱ्या दांडीचा, म्हणजे गेटचा, स्क्रू फिरवून लॉक करायचा असतो म्हणे, ते नंतर कधीतरी शिकू.

थंड पाण्यासाठी वेटसूट तर हवाच. मी मे महिन्यात हॉलमध्ये पंख्याखाली उभं राहून ३ मिमी जाड रबरी निओप्रीनचा सूट चढवला, चढला कसाबसा पण निघेचना, बायकोने खांद्याला धरून ओढला, आईने स्वयंपाकघरातून विचारलं केवढ्याला पडला, मी निम्मी किंमत सांगितली तरी कुकरच्या दोन शिट्ट्या होईपर्यंत ती गप्पच होती.

एवढा खर्च झाल्यावर दोरात मात्र काटकसर करा. तसा हिशोब सोपाय, १०० फुटी धबधबा म्हणजे ३० मीटर, पण उतरल्यावर दोर खाली ओढून घ्यायचा तर दुहेरी सोडावा लागतो, म्हणजे ६० मीटर, तोही स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणला जाणारा, कारण डायनॅमिक दोर ताणला जातो आणि तुम्ही लिंबूमिरचीसारखे वरखाली झुलत बसता. आमच्या एका मित्राने यावर तोडगा काढला, हार्डवेअरच्या दुकानातून निळी नायलॉनची दोरी आणली. ट्रेकच्या लीडरने ती हातात घेऊन बघितली आणि एक शब्द न बोलता गाडीच्या टपावरच्या सॅक बांधायला वापरली.

आता चाळीसेक हजार गेले, तर निघा. कसारा, घाटघर, मग दरीच्या तोंडाशी असलेलं साम्रद गाव. पावसाळ्यात दरीतून पाणी वाहतं तेव्हा आत जायचं नसतं, हे सामान घेतल्यावरच कळतं, त्यामुळे डिसेंबरपर्यंत ते माळ्यावर ठेवायची तयारी ठेवा. आत दोन कातळभिंतींच्या मधून आभाळाची चिंधी दिसते, कमरेएवढं बर्फगार पाणी लागतं आणि मग पहिला रॅपेल, म्हणजे दोरावरून उतरायचा कडा, ४५ फुटांच्या आसपास. तिथे साम्रदचा एक पोरगा बसला होता, पायात प्लास्टिकचे बूट, खांद्यावर वेटोळं केलेला दोर. माझा सगळा खणखणाट त्याने खालून वर बघून घेतला, हार्नेसचा पट्टा सोडवून बकलातून उलटा परत ओवला, दोनदा हिसका देऊन बघितला आणि हळूच म्हणाला, "सर, किमतीचं लेबल काढायचं राहिलंय."