डिसेंबरात या, मॅडम

भिगवणला लोक थंडीत जातात. पहाटे स्वेटर घालून नावेत बसायचं, रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे बघायचे, मग चिलापी मासळी ओरपायची आणि दुपारी पुण्याला परत. मी जुलैअखेर गेले. कुंभारगावच्या नावाड्याने आधी माझ्या टोपीकडे पाहिलं, मग माझ्या नवऱ्याकडे. दोघांत शहाणं कोण ते ठरवत असावा. "रोहित न्हाईत आता. डिसेंबरात या, मॅडम."

मला रोहित नकोच होते. मला हिरवी तुतवार हवी होती. नाव ऐकून पोपटासारखं काही डोळ्यांपुढे आलं असेल तर ते काढून टाका. अंगाने मैनेएवढी, पाठ काळपट, पोट पांढरं. हिरवेपणा म्हणाल तर पायांवर शेवाळी झाक, तीही चिखलात बुडालेली. उत्तरेकडच्या जंगलांतून आपल्याकडे हिवाळ्यासाठी येणाऱ्यांत ही सगळ्यांत घाईची. मंडळाचा मांडव पडायच्या आधीच आरतीला येऊन बसणाऱ्या काकूंसारखी.

वाटेत नवऱ्याला तिची सगळी कुंडली सांगून झाली होती. चिखलातली पाखरं सहसा जमिनीवर घरटं करतात, ही मात्र झाडावर, तेही बहुधा कस्तुर पक्ष्यांनी सोडलेल्या जुन्या घरट्यात अंडी घालते. पिल्लं जरा हिंडूफिरू लागली की मादी निघते, मागचं सगळं नर बघतो.

"म्हणजे पोरं बापाच्या गळ्यात घालून ही हिंडायला मोकळी?"

"शहाणी आहे," मी म्हणाले. पुढचे दहा किलोमीटर गाडीत शांतता होती.

घाई मलाही होतीच. भिगवणला ज्याचं पाणी पसरतं ते उजनी धरण अजून मायनसमध्ये होतं. हे पाणी वजामध्ये मोजण्याचं गणित बाहेरच्या माणसाला समजावता समजावता मी म्हातारी होईन. साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याच्या धरणात ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठाच, म्हणजे वापरात न धरलेलं तळाचं पाणी. पातळी त्याखाली गेली की वजा. आणि वजा म्हणजे चिखल उघडा, चिखल उघडा म्हणजे तुतवार. पण घाटावर पाऊस लागला, वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि दौंडचा विसर्ग वाढला की सगळं पुन्हा पाण्याखाली. अख्खा सोलापूर जिल्हा देव पाण्यात घालून बसला होता आणि ते पाणी अजून दोन दिवस येऊ नये म्हणून प्रार्थना करणारी भीमाकाठावर मी एकटी. हे मी नावाड्याला सांगितलं नाही.

आषाढ असून आभाळ कोरडं ठणठणीत. नवऱ्याने गाडी बाभळीखाली लावली, एसी लावला आणि "तू हो पुढे" म्हणाला. दुर्बीण, स्कोप, तिपाई, पाणी असं सगळं लटकवून मी गाळात उतरले. हा गाळ फसवा. वरून भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक आणि आत पिठलं. चौथ्या पावलाला पापुद्रा फुटला, पाय गुडघ्यापर्यंत आत. पाय निघाला. बूट राहिला.

त्यात टिटवीने मला पाहिलं. टिटवीला पोटात काही ठेवता येत नाही. ती जी ओरडत सुटली, तो काठावरच्या यच्चयावत पाखरांना बातमी पोचली. शेकाटे लांब तांबड्या तंगड्या सावरत पलीकडे गेले. एक कंठेरी चिखल्या दोन पावलं पळाला, थांबला, मला कमी लेखून परत खायला लागला.

स्कोपला डोळा लावला तर समोर सगळं उन्हात उकळत होतं. प्रत्येक पक्ष्याला सहा पाय. शेवटी पाण्याकडेला एक काळपट गोळा दिसला, मागची बाजू वरखाली हलवणारा. तुतवारी अशाच हलवतात! वीस मिनिटं मी श्वास रोखून पाहत होते. तो वाळलेला शेणाचा पो होता. हलत होती ती हवा.

"काय हुडकताय, ताई?"

मागे म्हशी घेऊन एक आजोबा उभे. म्हशी केव्हाच पाण्यात जाऊन बसल्या होत्या. त्या काठावर डोकं शाबूत असलेल्या तेवढ्याच.

"पाखरू बघतेय, आजोबा. छोटंसं, काळपट..."

तेवढ्यात पहिल्या म्हशीने शेपटी आपटली आणि तिच्या पायापासून, हातभर अंतरावरून, ती उठली! पंख खालून काळे, शेपटीच्या बुडाशी पांढराशुभ्र ठप्पा, "ट्लुईट-वीट-वीट" करत वळणं घेत थेट पलीकडच्या काठाला. ठिपकेवाली तुतवार असती तर पंख खालून फिके दिसले असते. हीच ती! मी एका बुटावर नाचले. वही काढून तारीख घातली, पुढे लिहिलं, 'हंगामातली पहिली'.

"ही व्हय?" आजोबांनी तंबाखू मळता मळता विचारलं. "ही दरसाल येती की. बेंदूर झाला का आली म्हनून समजा."

"आज आली का?"

"न्हाई, मंगळवारी. दोन व्हत्या." मग काठी गाळात खुपसून त्यांनी माझा बूट वर काढला, दोनदा झटकला आणि माझ्यापुढे धरला. "ह्यो घ्या. आन् टोपी बदला, लई लांबनं दिसती."