बुचाच्या भिंती आणि ‘घोकंपट्टी’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक वाचक’ महोदय,

पेशीसिद्धान्तावरच्या (सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, हा सिद्धान्त) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं आधी जसंच्या तसं देतो, उगाच विपर्यासाचा आरोप नको: ‘हूकने पाहिल्या त्या मेलेल्या बुचाच्या रिकाम्या भिंती. त्याला पेशीचा शोध म्हणणं ही शाळेच्या पुस्तकातली घोकंपट्टी. ल्यूवेनहूकने जिवंत जीव पाहिले, त्याला दोन ओळी. नव्या पेशी कशा तयार होतात याबद्दल श्लायडेन साफ चुकला होता, ते गाळलंत. लिहिण्याआधी थोडं वाचावं.’

शेवटच्या वाक्याची गरज होती का? मतभेद असू शकतात. पण अनोळखी माणसाला ‘वाचत जा’ म्हणून सांगणं ही कुठली रीत?

आता घोकंपट्टी. साताऱ्याकडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी निवृत्त होईपर्यंत जीवशास्त्र शिकवलं. कांद्याचा पापुद्रा सोलायचा, सॅफ्रनिन या लाल रंगाचा थेंब टाकायचा, वरची पातळ काच म्हणजे कव्हरस्लिप तिरकी धरून सोडायची, म्हणजे हवेचे बुडबुडे राहत नाहीत. हे किती मुलांच्या हातांना शिकवलं त्याचा हिशेब नाही. पुस्तकातली सुबक आकृती उतरवून आणणाऱ्याचं जर्नल मी सही न करता परत देत असे, आणि भिंगातून दिसलेलं वेडंवाकडं चित्र काढणाऱ्याला पूर्ण गुण. यावरून पालक भांडायला आलेत. त्या माणसाला तुम्ही घोकंपट्टीवाला म्हणता!

बरं, हूकच्या ‘मेलेल्या भिंती’. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकच्या १६६५च्या ‘मायक्रोग्राफिया’ या पुस्तकात बुचाचं प्रकरण तुम्ही म्हणता तिथे संपत नाही. हूकने इंचाच्या अठराव्या भागात साधारण ६० कप्पे मोजले, म्हणजे इंचाला १०८०, आणि त्यावरून घन इंचात १,२५,९७,१२,००० असा आकडा काढला. आकडा त्यालाच अविश्वसनीय वाटला, तरी त्याने तो छापला. त्याच प्रकरणात पुढे तो एल्डर नावाच्या झाडाच्या गाभ्याकडे, गाजर, बडीशेप, नेचे यांच्याकडे वळतो आणि हिरव्या असताना यांतल्या काही वनस्पतींचे कप्पे रसाने भरलेले दिसले असं स्पष्ट नोंदवतो. रसाने भरलेले, महोदय. रिकामे नव्हेत. त्या रसाचं महत्त्व त्याला कळलं नाही. वनस्पतीत रस वाहायच्या वाटा असाव्यात इतपतच त्याची धाव. पण १६६५मध्ये ते कुणाला कळणार होतं? पेशीकेंद्रकाला नाव देऊन त्याकडे लक्ष वेधणारा रॉबर्ट ब्राऊन यायला १८३१ उजाडलं. आधी कप्पा दिसला, आत काय आहे हे मागाहून. मी ‘शोध’ म्हटलं ते एवढ्याच अर्थाने, आणि लेख नीट वाचणाऱ्याला ते समजलं असतं.

ल्यूवेनहूकला दोन ओळी दिल्या हे खरं. लेख पेशीसिद्धान्तावर होता. हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या या कापडवाल्याने मिरे भिजवलेल्या पाण्यात पाहिलेले सूक्ष्मजीव १६७६च्या पत्रात लंडनच्या रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेला कळवले, तेव्हा तिथल्या मंडळींचा विश्वास बसेना. पुढच्या वर्षी तोच प्रयोग सोसायटीसमोर करून ते जीव डोळ्यांनी दाखवले कुणी? हूकनेच. म्हणजे तुम्ही ज्याच्या बाजूने भांडताय, त्याची साक्ष तुमच्या ‘रिकाम्या भिंती’वाल्याने दिली होती. गंमतच आहे.

श्लायडेनबद्दल: पेशीसिद्धान्त मांडणारे १८३८चा श्लायडेन, १८३९चा श्वान, नंतर १८५५मध्ये पेशी पेशीपासूनच होते म्हणणारा फिर्खो, हा क्रम मी दिला. एका लेखात कुणाकुणाच्या चुका मांडायच्या? हां, हेच फिर्खोच्या आधी १८५२मध्ये रेमाक या शास्त्रज्ञाने मांडलं होतं, त्याचं नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं, हे मान्य. तुम्ही मात्र ते विचारलंही नव्हतंत, नाही का?

आणखी काही म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण खऱ्या नावाने. ‘एक वाचक’ला पुन्हा उत्तर मिळणार नाही.