नरकासुर मरता मरेना

माझा भाचा अकरावीत आहे आणि गेले चार महिने तो फोनवर एकच गोष्ट वाचतोय. ती संपत नाही, कारण लिहिणाऱ्याला ती संपवायचीच नसावी. परवा जेवताना विचारलं तेव्हा भाग 412 चालू होता. बाहेरगावच्या एका गरीब पोराला डोंगरमाथ्यावरच्या नामांकित युद्धविद्येच्या गुरुकुलात कसाबसा प्रवेश मिळतो. बाकीची पोरं खानदानी. त्यांच्या आज्यांनीसुद्धा तरुणपणी तलवारीनं ढग कापलेले. मग स्पर्धा लागते, सगळे ह्याला हसतात आणि ऐन वेळी पोराच्या आत झोपलेली कसली तरी शक्ती जागी होते.

"मामा, तू नको वाचू, तुला बोअर होईल," तो म्हणाला.

बोअर कसलं? मी त्या गुरुकुलात शिकलोय. फक्त माझं डोंगरावर नव्हतं, वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्राकाठी होतं. आणि माझ्या आतली शक्ती शेवटपर्यंत झोपूनच राहिली.

2009 साली मी शिक्षणसेवक म्हणून तिथे हजर झालो. मानधन 3,000 रुपये. मी मूळचा दहिवडीचा, म्हणजे माणदेशातला. आमच्याकडे पाऊस यायची वाट बघतात, इथे जायची. महिन्याभरात माझ्या पट्ट्याला बुरशी आली, आणि तो साधासुधा पट्टा नव्हता. डी.एड.ला असताना साताऱ्यात मी कराटेचा ग्रीन बेल्ट मिळवला होता. दहिवडीत त्या बेल्टला वजन होतं. इथे शेजारच्या काकींनी तो दोरीवर वाळत घातलेला बघितला आणि म्हशीला बांधायला मिळेल का म्हणून विचारलं.

गावात दशावताराचं वेड. तिथे त्याला धयकालो म्हणतात. नावात दहा अवतार असले तरी रात्रीत काही दहा दाखवत नाहीत. आधी गणपती येतो, मग वेद चोरणारा संकासुर येऊन मालवणीत सगळ्यांची टोपी उडवतो, आणि मग एखादं आख्यान लागतं. लिहिलेली संहिता नाही. कोण कोणाला कुठे भेटणार आणि शेवटी कोण मरणार एवढं ठरतं, बाकी बोलणं उभ्या उभ्या. सामानात एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच राणीचा पलंग, आणि प्रयोग नसतो तेव्हा त्यावर पखवाजवाला झोपतो.

दिवाळीनंतर आठवड्यानं देवळाच्या आवारात वाडीवाडीतल्या हौशी मंडळांची स्पर्धा होती. आमच्या वाडीचं आख्यान नरकासुरवध. दरवर्षी कृष्ण करणारा चाकरमानी मुंबईला अडकला, तिकीट काही वेटिंगवरून हलेना. तेव्हा चार जण माझ्या खोलीवर आले.

"गुर्जी, तुमका तलवार फिरवूक येता?"

मी उठून त्यांना कराटेचा पहिला काता, म्हणजे हातपायांच्या ठरलेल्या वारांचा क्रम, करून दाखवला. मनापासून दाखवला, शेवटी ओरडलोसुद्धा. चौघांनी एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक, जो पुढे माझी सत्यभामा झाला, समजुतीच्या स्वरात म्हणाला, "होयत. उंची बरी आसा."

ही माझी प्रवेशपरीक्षा.

नरकासुर म्हणजे तात्या. वय साठीच्या पुढे, शिक्षण चौथी, धंदा रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरायचा. समुद्रातून रापण ओढून ओढून दंड असे झालेले की बाजूबंद कोपराच्या वर चढत नसे. चाळीस वर्षं तो राक्षस करत होता. कुणाकुणाच्या हातून मेला त्याची यादी त्याला पाठ होती आणि प्रत्येक मारेकऱ्याबद्दल त्याचं मत होतं. "बाबल्यान बरो मारल्यान. मधलो? मधलो म्हणजे नुसती धावपळ."

तालमीला माझ्या हातात लाकडी तलवार दिली, वर चंदेरी बेगड चिकटवलेली. मला वाटलं, वार अडवायचे, उलटे वार करायचे. मी पवित्रा घेऊन जोरात वार केला. तात्यानं तलवार उचललीसुद्धा नाही. माझी गिरकी पूर्ण होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "ह्यां काय, गुर्जी? डास मारतास?"

मग हळूहळू समजलं. दशावतारातली लढाई हातानं होत नाही, पायानं होते. पखवाज बोलतो आणि दोघं त्यावर नाचतात. दोन पावलं पुढे, गिरकी, तलवारीला तलवार, पुन्हा मागे. वार कुठे बसला याला काही महत्त्व नाही, कधी बसला याला आहे. राक्षस मरतो तो समेवर. सम म्हणजे ताल फिरून जिथे पुन्हा पहिल्या मात्रेवर येतो ती जागा. ही जागा मला दिसत नसे. पखवाजवाला माझ्यासाठी मुद्दाम मान हलवी, तर मी मानेकडे बघताना पाय विसरे. माणसाच्या एका डोक्यात पाय, तलवार, सम आणि संस्कृतप्रचुर मराठी इतकं सगळं राहत असेल तर राहो. माझ्या डोक्यात तेव्हा तिसरीच्या सत्तावीस पोरांची नावंही नीट राहत नव्हती.

"तात्याच्या पायाच्या आंगठ्याकडे बगा," सत्यभामेनं गुपित सांगितलं. खरंच, तात्याचा उजव्या पायाचा अंगठा सतत चालू असे. बोलताना, विडी ओढताना, बाकड्यावर बसून दुसऱ्यांची तालीम बघताना. रापणीच्या दोरानं चपटा झालेला, नख काळं पडलेला तो अंगठा जमिनीवर टकटक करी आणि समेवर टेकून क्षणभर थांबे. गुप्त विद्या म्हणतात ती हीच. एवढंच, की प्रयोगाच्या रात्री तात्यानं झगा घातला आणि तो पायघोळ निघाला.

त्या रात्री मला संध्याकाळी सहालाच रंगवायला बसवलं. आधी सफेदा, वर पिंजर, डोळ्यांत काजळ. मुकुट हनुवटीखाली सुतळीनं आवळून बांधला. कोकणातला घाम काही पात्र बघून येत नाही. नऊपर्यंत सफेदा मानेवर उतरला, मुकुट डाव्या कानाकडे कलला आणि सुतळी हनुवटीच्या खाली कातडीत शिरली. मी तोंड उघडलं की मुकुट पुढे येई आणि मिटलं की मागे जाई. सत्यभामा शेजारी बसून शांतपणे पदर लावत होती. दिवसा ती गावातली वायरमन. साडी नेसलेली ती इतकी देखणी दिसत होती की मी नकळत सरकून तिला जागा दिली.

समोर तीन परीक्षक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. युद्धनृत्याला वेगळे 20 गुण. पुढच्या चटईवर माझा अख्खा तिसरीचा वर्ग.

तात्या आला तो आरोळी ठोकतच. सकाळी मला "बांगडे धाडतंय" म्हणणारा माणूस आता असं मराठी बोलत होता की मलाच शब्दकोश लागावा. 16,100 स्त्रिया बंदीत घातल्याचा त्याला पश्चात्ताप तर नव्हताच, उलट हिशेब तोंडपाठ होता. मी पाठ केलेली चार वाक्यं म्हटली. त्यानं ती शांतपणे ऐकली, बाकड्यावर एक पाय ठेवला आणि तालमीत कधीही न विचारलेला प्रश्न टाकला.

"हे वासुदेवा! माझी माता कोण?"

"भूमी," मी म्हणालो. उत्तर येत होतं.

"आणि वराहरूप घेऊन तिला पाताळातून वर काढणारा कोण?"

"मी. म्हणजे विष्णू. म्हणजे मीच."

"त्या वराहाचा आणि भूमीचा पुत्र मी नरक! मग सांग, आज तू कुणाचा वध करायला आलास?"

देवळात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मी आलो होतो पोटच्या पोराला मारायला आणि हे मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. पखवाज थांबला होता. हनुवटीखाली सुतळी करकरत होती. अशा वेळी माणसाच्या तोंडून जे सवयीचं असतं तेच निघतं.

"त्याचं उत्तर," मी म्हणालो, "पुढच्या तासाला सांगेन."

तिसरीचा वर्ग खदाखदा हसला. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "अगो, ह्यो किस्न कोणाचो?"

"घाटावरचो. शाळेतलो गुर्जी."

"मगे तात्या मरतलो कसो?"

मला वाचवलं वायरमननं. पदर सावरत ती पुढे आली, तात्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाळा, तुझी ती माता मीच. सत्यभामेच्या रूपानं भूमी उभी आहे तुझ्यापुढे. पित्याला उत्तर देता येत नाही, कारण न्याय मागायला त्याला मीच इथे आणलाय." सत्यभामा हा भूमीचाच अवतार अशी कथा आहेच, पण ती मला कुठे ठाऊक? खांबावर चढून फ्यूज बसवणाऱ्याला ठाऊक होती. म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. एका परीक्षकानं चष्मा काढून पुसला.

आणि पखवाज सुरू झाला.

पहिला वार मी केला तो समेच्या आधी. तात्या मेला नाही. छाती पुढे काढून हसला आणि मोठ्यानं म्हणाला, "गवळ्याच्या पोरा, लोणी चोरणाऱ्या हातात एवढंच बळ?" गिरकी घेताना माझ्या कानाशी आला, "गुर्जी, समेर मारा. नायतर मी मरूचंय नाय."

दुसरा वार समेच्या नंतर. तिसरा कुठे पडला ते पखवाजवाल्यालाही सांगता आलं नाही. आठवड्यापूर्वी याच गावात पोरांनी गवताचा नरकासुर केला होता. तो एका काडीसरशी पेटला. आमचा मात्र वार खाऊन ताजातवाना होत होता. मुकुट आता दोन्ही डोळ्यांवर आला होता. पाठीमागून सत्यभामा कुजबुजली, "चक्र!"

सुदर्शन चक्र म्हणजे सायकलचं जुनं चेनव्हील, वर सोनेरी कागद. ते हातात फिरवून दाखवायचं, फेकायचं नाही, असं मला बजावून सांगितलेलं होतं. मी फेकलं. ते तात्याच्या डोक्यावरून गेलं, समईला चाटून गेलं आणि चटयांच्या मधल्या वाटेत जाऊन पडलं. पुराणातलं सुदर्शन काम झालं की आपणहून परत येतं. हे काम न करताच आलं. तिसरीतली एक मुलगी ते दोन्ही हातांत धरून मंचाच्या कडेपर्यंत घेऊन आली.

"गुर्जी, तुमचां चक्र."

मी वाकून घेतलं. "थँक्यू," असंही म्हणालो.

तेव्हा तात्यानं पखवाजवाल्याकडे बघितलं. फक्त बघितलं. पखवाजवाल्यानं तिहाई घेतली, म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर आणला, आणि मी चक्र काखेत धरून उभा असताना, मला काहीही करायची संधी न देता, तिसऱ्या धा-वर नरकासुर मेला. आधी गुडघा वाकला. मग खांदा बाकड्याच्या कडेला टेकला. तलवार बोटांतून एकेक बोट सोडवत निसटली, आणि तो धिप्पाड देह फळ्यांवर असा उतरला की खालची एक फळीसुद्धा वाजली नाही. झगा बाजूला सरकला होता. तेव्हा कुठे मला अंगठा दिसला. टेकून थांबलेला.

टाळ्या बराच वेळ चालल्या. मी हात जोडून त्या स्वीकारत होतो, तेवढ्यात सत्यभामेनं मला कोपर मारलं.

आमचा दुसरा नंबर आला. तात्याला आणि वायरमनला बक्षीस. युद्धनृत्यात मला 20 पैकी 4, त्यातला एक, परीक्षकांनी नंतर चहा पिताना सांगितलं, मुलीला थँक्यू म्हटल्याबद्दल.

"म्हणजे तू हरलास," भाचा म्हणाला. फोन त्यानं खाली ठेवला होता, हे मी नोंदवून ठेवतो.

पुढच्या वर्षी चाकरमान्याला तिकीट मिळालं. मला मुर दैत्य दिला. मुर हा नरकासुराचा सेनापती; कृष्ण त्याला आधीच संपवतो, म्हणूनच कृष्ण मुरारी. एकूण काम पाच मिनिटांचं, त्यात मुख्य काम मरण्याचं. वर्षभर मी वर्गात पाढे म्हणवून घेताना पायाच्या अंगठ्यानं ठेका धरायचो. दोन-तीन पालकांनी मला गाऊट झालाय का म्हणून विचारलं.

त्या रात्री कृष्णाचा वार आला. मी गुडघा वाकवला, खांदा सोडला, तलवार जाऊ दिली आणि पडलो. एक फळी वाजली. बाकड्यावर बसलेल्या तात्यानं माझ्याकडे बघितलं नाही. झगा मात्र त्यानं गुडघ्याशी उचलून धरला होता आणि माझ्या नाकापासून हातभर अंतरावर तो चपटा अंगठा टेकून थांबला होता.

तेवढ्यात चटईवरून आरोळी उठली.

"गुर्जी मेले रे! उद्या शाळा नाय!"

मेलेल्या माणसाला हसायची सोय नसते. पण पोट हललं असणार, कारण महाप्रतापी नरकासुरानं मला पायानं हळूच ढोसलं.