करी म्हणजे नेमका काय ता सांग

गेल्या रविवारी स्वयंपाकाचा कंटाळा आला, म्हणून मोबाइलवरून जेवण मागवायचं ठरलं. आई शेजारी येऊन बसली. वेंगुर्ल्याची बाई, वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा नाकावर घसरलेला. मी यादी वाचून दाखवत होते: मालवणी फिश करी, गोअन फिश करी, कोकणी फिश करी. तिन्हींच्या फोटोंत एकच केशरी वाटी.

आई म्हणाली, "करी म्हणजे नेमका काय ता सांग गो. तिखला, हुमण की कढी?"

मला सांगता येईना. तिखलं अंगाबरोबर, तिरफळं घातलेलं. कढीत नारळाचा रस हवा. हुमण म्हटलं की आमच्या घरात गोव्याकडची मावशी आठवते. आईला यातलं कुठलंही सांगितलं असतं तरी पुढचं सगळं तिला कळलं असतं, मासा कुठला, खोबरं किती, आंबट काय घातलंय. ‘करी’ म्हटल्यावर तिला एवढंच कळलं की पैसे द्यायचे आहेत.

आता हे वाचून तुम्हाला वाटेल, ही पण इंग्रजांना शिव्या घालणार. आपल्या शेकडो पदार्थांना एकच शिक्का मारला वगैरे. भारतीय स्वयंपाकावर इंग्रजीत पुस्तकं लिहिणाऱ्या मधुर जाफरींनी १९७३ मध्येच ‘करी’ हा शब्द भारतीय स्वयंपाकाचा अपमान आहे अशा अर्थाचं लिहिलं होतं, आणि मीही बरीच वर्षं तावातावानं तेच बोलत आले. हल्ली मात्र माझा राग जरा सरकलाय. शब्दाचा काही दोष नाही असं वाटायला लागलंय.

शब्द मूळचा दक्षिणेचा. तमिळमध्ये कोळशाला म्हणतात करी आणि खाण्याचीही करी, पण दोन्हींतले ‘र’ वेगळे, लिहायलाही वेगळे. आपल्याकडे तसले दोन ‘र’ नाहीत, त्यामुळे आपण दोन्ही एकाच पातेल्यात घालतो आणि ‘करी म्हणजे काळं’ असं खुशाल सांगत सुटतो. बरं, ही खाण्याची करी तमिळ घरात पातळ असते असंही नाही. पातळ ते कुळंबु, रसम. ब्राह्मण घरात केळ्याची करी म्हणजे कच्च्या केळ्याची चक्क सुकी भाजी. इतरांकडे नुसतं करी म्हटलं की मटण, आणि करी-कडै म्हणजे मटणाचं दुकान. बाजारातल्या सगळ्या भाज्या मिळून काय-करी. भाजी, मटण, सुकं, रसदार, काहीही चालतं. भाताशेजारी जे बसतं ते करी. ते पदार्थाचं नाव कमी आणि पानातल्या जागेचं नाव जास्त.

हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते आपलं कालवण. कालवण म्हणजे तरी काय? ज्यात कालवायचं ते. "आज कालवण काय?" असं विचारलं की उत्तर आमटी येईल, रस्सा येईल, अंडी येतील. आणि कोल्हापूर-साताऱ्याकडचं कोरड्यास तर माझं फार लाडकं. माझ्या सासरी हा शब्द आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, काहीतरी सुकं, परतलेलं असणार. ताटात आली ती पातळ डाळ. सासूबाई म्हणाल्या, "अगं, भाकरी कोरडी जाती न्हवं का घशाखाली, म्हणून त्या कोरड्या भाकरीला हे." म्हणजे नाव भाकरीवरून पडलं, आणि पातेल्यात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तमिळांची करी, घाटावरचं कोरड्यास, सगळ्यांचं तोंडीलावणं ही एकाच घरातली भावंडं. तेव्हा एकाच शब्दात शंभर पदार्थ बसवले म्हणून इंग्रजांवर डोळे वटारण्याआधी आपल्या ताटाकडे बघायला हवं.

हा शब्द युरोपच्या कागदावर चढला तो आपल्याच किनाऱ्यावरून, हे मला त्याहून गमतीचं वाटतं. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. (याच गृहस्थाकडे काही काळ मुंबई बेट भाडेपट्ट्यानं होतं. आजचं भाडं आठवून उसासा टाकून घ्या.) त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात नारळाबद्दल लिहिताना तो कोंबडीच्या आणि मांसाच्या पदार्थांचा उल्लेख करतो आणि म्हणतो, याला ‘कारील’ म्हणतात. पोर्तुगीजमध्ये आजही कारीलच.

त्यानंतर आला लिन्शोटेन, डच माणूस, गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस. १५८३ ते १५८८ गोव्यात होता. पुढे त्यानं लिहिलं की इथले लोक मासे भाताबरोबर खातात, भातावर एक रस्सा ओततात, तो जरा आंबट असतो, कच्ची द्राक्षं घालून शिजवल्यासारखा, पण चव छान, आणि हेच त्यांचं रोजचं जेवण. १५९८ मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर आलं आणि इंग्रजी वाचकांना हा शब्द भेटला. मी हे आईला वाचून दाखवलं. कच्ची द्राक्षं ऐकून ती हसली. "सोला असतली. नायतर बिमला." चारशे वर्षांपूर्वीच्या डच माणसाच्या पानात काय होतं ते तिनं ऐकूनच ओळखलं, आणि मोबाइलवरच्या फोटोतलं मात्र तिला ओळखता येईना!

म्हणजे तोवर शब्दात पाणी होतं, आंबट होतं, मासा होता. बिघडलं पुढे. १७४७ मध्ये हॅना ग्लास या इंग्रज बाईंनी आपल्या पाककृतींच्या पुस्तकात ‘हिंदुस्थानी पद्धतीची करी’ छापली: कोंबडी किंवा ससा, कांदा, तीस मिरीदाणे, तांदूळ आणि धणे, आणि धणे भाजायचे ते स्वच्छ फावड्यावर. फावडं! हळद नाही, मिरची नाही. तरी मला त्या बाईंचा राग येत नाही, धणे भाजून कुटायचे एवढं तरी त्यांना कळलं होतं. १७८४ मध्ये लंडनला तयार करी पावडरीची जाहिरात झाली, आणि माझ्या मते खरी नासाडी तिथून आहे. पानातल्या जागेचं नाव डब्यातल्या पुडीला लागलं. पूड घातली की करी, नाही घातली की नाही. ती पुडी मग इंग्रजांच्या हातून जपानला गेली, तिथल्या नौदलाच्या १९०८ च्या पाकपुस्तकात भाताबरोबर जाऊन बसली. बर्लिनमध्ये १९४९ पासून सॉसेजवर भुरभुरली जाते. खाणाऱ्यांनी खावं, माझं काही म्हणणं नाही.

आपल्याकडे मात्र एक वेगळंच चालू असतं. दर चार महिन्यांनी कुणीतरी फॉरवर्ड पाठवतं की करी हा शब्द आपल्या कढीवरून आला. जय महाराष्ट्र. कान फसतो, एवढंच. आमच्या घरात सुंगटाची कढी म्हणतात, त्यामुळे मलाही हे खरं असावं असं फार वाटायचं. पण कढी ही कढण्यातून आली, संस्कृतातल्या क्वथ् धातूपासून. काढा तिचा सख्खा भाऊ. करीचं कूळ द्राविडी.

यांची गाठ पडते ती कढीपत्त्यात, तीही नावापुरती. कानडीत तो करिबेवु, तमिळमध्ये करुवेप्पिलै: दोन्हीकडे अर्थ काळा कडुनिंब. आपण म्हणतो कढीलिंब, म्हणजे कढीतला लिंब. पान बघून सगळ्यांना कडुनिंबच आठवला, पुढचं ज्यानं त्यानं आपापल्या स्वयंपाकघरातून जोडलं. इंग्रजांनी त्याला करीचं पान केलं. करी पावडरीच्या डब्यात ते बहुतेक वेळा नसतंच.

तर माझा राग सरकून कुठे गेला, तर आपल्याच मेनूकार्डांवर. मराठी मालक, मराठी आचारी, गिऱ्हाईक मराठी, आणि पाटीवर ‘अंडा करी’. अंड्याचं कालवण लिहायला किती अक्षरं जास्त लागतात? नाव गेलं की कृती गेलीच. तिखलं, हुमण आणि कढी यांना एकच नाव दिलंत तर आचारी तिन्हींना एकच वाटण का लावणार नाही? लावतोच. तिन्ही वाट्या केशरी असतात ते काही फोटोग्राफरमुळे नव्हे.

रविवारी शेवटी ‘कोकणी फिश करी’च मागवली. आईनं डबा उघडला, वास घेतला, चमच्यानं ढवळून बघितलं. "तिरफळा खंय हत?" नव्हतीच. मग काही न बोलता तिनं ते सगळं टोपात ओतलं, डब्यातली चार सोलं टाकली, नारळाचा थोडा रस काढून घातला, तिरफळं ठेचून टाकली आणि मंद आचेवर ठेवून दिलं. दहा मिनिटांनी झाकण काढलं.

"आता झाली बघ कढी. भात लाव."