रामकुंडावरचे पांढरे गोळे आणि जुन्या कॅमेऱ्याची ‘७ गुपितं’

नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय: कपाटातला जुना डिजिटल कॅमेरा टाकून देऊ नका, त्याचे फोटो आजही छान येतात, कंपन्या लपवतात ती ७ गुपितं वाचा. थोडक्यात गुपितं अशी. मेगापिक्सेल जास्त तितका फोटो चांगला. आयएसओ (प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) कायम १६०० आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) कायम एफ/८ ठेवा, हीच प्रोफेशनल सेटिंग. रात्री फ्लॅश चालू ठेवून पूर्ण झूम करा. रामकुंडावर फ्लॅशने फोटो काढला की पांढरे गोळे दिसतात, ते पितर, आणि पितृपक्षात ते जास्त दिसतात. मोबाईलमध्ये ते येत नाहीत, म्हणून जुना कॅमेराच हवा. बॅटरी पूर्ण संपल्याशिवाय चार्ज करू नका, आणि साधे सेलसुद्धा चार्जरवर पुन्हा भरतात. २०२७ च्या ग्रहणाचा फोटो कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघत काढा, काच असल्यामुळे डोळ्याला काही होत नाही. आणि शेवटचं, शटर दाबताना २ सेकंदांचा टायमर लावा.

परवा हा मेसेज मावशीकडे पोचला. काकांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. दशक्रियेच्या सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, काढलेला एक फोटो तिने मोठा करून पाठवला, त्यातल्या एका गोळ्याभोवती बोटाने लाल रेघ ओढलेली, आणि खाली प्रश्न: ‘हे तेच असतील का रे?’ दुःखात असलेल्या माणसाला असा प्रश्न पडायला लावणारा मजकूर ज्याने लिहिला, त्याने कॅमेऱ्याचं मॅन्युअल एकदा उघडून बघायला हवं होतं. म्हणून गोळ्यांपासूनच सुरुवात करतो.

कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि लेन्स यांच्यात जेमतेम ३ ते ५ सेंटीमीटर अंतर असतं. फ्लॅश उडतो तेव्हा लेन्ससमोर १० सेंटीमीटरवर तरंगणारा धुळीचा कण, धुराचा कण किंवा पावसाचा बारीक थेंब त्या प्रकाशात सापडतो आणि तो प्रकाश सरळ लेन्समध्ये परत फेकतो. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. समोरची माणसं ३ मीटरवर असतील, तर कण त्यांच्यापेक्षा ३० पट जवळ आहे, म्हणजे त्याच्यावर ९०० पट प्रकाश पडतो. फोकस मात्र माणसांवर असतो. त्यामुळे कण कणासारखा दिसत नाही, त्याची फुगून चकती होते. चकतीचा आकार लेन्सच्या छिद्रासारखा येतो. छिद्र पूर्ण उघडं असेल तर गोल, पाकळ्या मिटत आलेल्या असतील तर काही कॅमेऱ्यांत पंचकोनी किंवा षट्कोनी. आत्मा कॅमेऱ्याचं मॉडेल बघून आकार बदलतो, असं तर कोणी म्हणणार नाही.

‘मोबाईलमध्ये दिसत नाहीत, हाच पुरावा’ हे वाक्य मेसेजमध्ये जाड अक्षरांत आहे. यातलं निरीक्षण खरं आहे, तेवढं मान्य करतो. मोबाईलमध्ये असे गोळे खरंच कमी येतात. पण कारण साधं आहे. जुन्या कॅमेऱ्यात झेनॉन नळीचा फ्लॅश असतो. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात सगळा प्रकाश ओकतो, इतका की जवळचा कण झगझगीत उजळतो. मोबाईलचा एलईडी त्या मानाने फार मंद. शिवाय आजचे मोबाईल रात्री फ्लॅश न उडवता पाठोपाठ अनेक फोटो घेऊन ते एकात एक मिसळतात. क्षणभर समोरून गेलेला कण त्यात उरतच नाही. मोठ्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) कॅमेऱ्यातही गोळे सहसा नजरेत भरत नाहीत. २८ मिमीच्या मोठ्या लेन्सवर एफ/२.८ चं छिद्र १० मिमी रुंद असतं, कॉम्पॅक्टच्या ५ मिमी लेन्सवर जेमतेम १.८ मिमी. छिद्र मोठं तितकी जवळच्या कणाची चकती मोठी पसरते आणि फिकी होत विरून जाते. कॉम्पॅक्टमध्ये ती छोटी, ठळक आणि कडा असलेली राहते. गोळे दिसण्यासाठी सगळ्यात सोयीचं यंत्र कुठलं असेल तर ते हेच.

आता ‘पितृपक्षात गोळे जास्त दिसतात’ या ओळीकडे या. पितृपक्ष भाद्रपदात येतो आणि तोवर नाशिकचा पाऊस पुरता उघडलेला नसतो. झिमझिम, गंगेवरची ओल, पिंडदानाच्या जागी धूप आणि उदबत्त्यांचा धूर, आभाळ भरल्यामुळे सकाळीही इतका कमी उजेड की ऑटोवर ठेवलेला फ्लॅश आपोआप उडतो. गोळ्यांना लागणारं सगळं साहित्य त्या पंधरवड्यात रामकुंडावर एकत्र आलेलं असतं.

कंपन्या हे लपवतात म्हणणाऱ्यांसाठी: कॅननच्या पॉवरशॉट कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये मागे अडचणी आणि उपायांचा भाग असतो. फ्लॅशच्या फोटोत पांढरे ठिपके येणं ही तक्रार तिथे नोंदवलेली आहे आणि कारणही छापलंय, की हवेतल्या धुळीवरून किंवा कणांवरून फ्लॅशचा प्रकाश परतला. निकॉनच्या कूलपिक्सच्या मॅन्युअलमध्येही हीच तक्रार आहे आणि उपाय दिलाय तो फ्लॅश बंद करण्याचा. जी गोष्ट डब्यात कॅमेऱ्यासोबत मिळते, ती गुपित कशी?

घरी पडताळून बघायचं असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. रात्री खोलीतला दिवा मालवा, फ्लॅश ऑटोऐवजी सक्तीने चालू ठेवा, आणि कोणाला तरी कॅमेऱ्यासमोर हातभर अंतरावर जुनी चादर झटकायला सांगा. लगेच फोटो घ्या. मग इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायच्या बाटलीने एकदा फवारा उडवून दुसरा घ्या. दोन्हीत गोळे येतील, पाण्याचे जास्त स्वच्छ आणि काठदार. तिसरा फोटो त्याच जागी फ्लॅश बंद करून, दिवा लावून, कॅमेरा टेबलावर ठेवून घ्या. गोळे गेलेले असतील. मावशीच्या फोटोची मूळ फाइल कार्डवरून मागवून तिची माहिती उघडली (व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारख्या पाठवलेल्या फोटोतून ही माहिती गळून जाते), तर तिथे लिहिलेलं होतं: फ्लॅश उडाला, १/६० सेकंद, आयएसओ २००. फोटोच्या कोपऱ्यात एकाने उघडी छत्रीही धरलेली दिसते.

मावशीला हे सगळं सांगताना तिची श्रद्धा मोडायची माझी इच्छा नाही. काकांचं स्मरण करायला तिला गोळ्याची गरज नाही, आणि त्या फोटोत काकांचा धाकटा भाऊ तर्पण करताना जो स्पष्ट आलाय, तोच जपून ठेवण्यासारखा भाग आहे.

ग्रहणाचा मुद्दा लांबवत नाही, पण तो सगळ्यात धोकादायक आहे. २ ऑगस्ट २०२७ ला सूर्यग्रहण आहे, पश्चिम भारतातून ते खंडग्रास दिसेल, आणि सिंहस्थातलं पहिलं अमृतस्नानही त्याच दिवशी आहे. म्हणजे घाटावर हजारो कॅमेरे असणार. जुन्या कॉम्पॅक्टला वर जी छोटी खिडकी असते, ती लेन्सपासून वेगळी, साध्या काचांची नळी असते. तिच्यातून सूर्य बघणं आणि उघड्या डोळ्यांनी सूर्य बघणं यात डोळ्याच्या पडद्यासाठी काही फरक नाही. तो भाजतो, दुखत नाही म्हणून लगेच कळतही नाही, आणि गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. फोटो काढायचाच असेल तर सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर लेन्सच्या पुढे लावा, खिडकीला चिकटपट्टी लावून ती बंद करा आणि मागच्या पडद्यावर बघूनच शटर दाबा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, यातलं काहीही चालत नाही. फिल्टरशिवाय झूम करून सूर्यावर रोखून धरलं तर सेन्सरही जळू शकतो.

आता ती ‘प्रोफेशनल सेटिंग’. आयएसओ १६०० आणि एफ/८ कायम ठेवून भर दुपारी काळाराम मंदिराच्या प्रांगणात फोटो काढला तर काय होईल, याचं गणित करून बघा. कडक उन्हात आयएसओ १०० ला एफ/१६ आणि १/१०० सेकंद हा जुना, पक्का हिशोब. आयएसओ १६०० केलं तर एफ/१६ ला १/१६०० सेकंद लागतात, आणि एफ/८ ला १/६४००. बहुतेक कॉम्पॅक्टचं शटर १/२००० च्या आसपास थांबतं. म्हणजे सेन्सरवर गरजेच्या तिप्पट प्रकाश पडणार. मंदिराचा काळा दगड राखाडी होईल आणि समोर उभ्या माणसाचा पांढरा सदरा पूर्ण जळून जाईल, त्यातून नंतर काही परत काढता येत नाही.

एफ/८ चा सल्ला मोठ्या कॅमेऱ्यांचा आहे, तो कोणीतरी उचलून इथे चिकटवलाय. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर ६.२ बाय ४.६ मिमीचा, करंगळीच्या नखाएवढा. एवढ्या लहान सेन्सरवर एफ/८ चं छिद्र इतकं बारीक होतं की त्यातून जाणारा प्रकाश काठांशी वळून पसरतो. एका बिंदूचा ठिपका साधारण ०.०११ मिमीचा होतो आणि १६ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तो आठेक पिक्सेल रुंद पडतो. धारदारपणा तिथेच संपला. अशा कॅमेऱ्याचा सगळ्यात नीट फोटो एफ/३ ते एफ/४ च्या आसपास येतो, आणि त्यात जवळचं-लांबचं सगळं फोकसमध्ये असतंच. शिवाय स्वस्त मॉडेलांत छिद्र लहानमोठं होतच नाही. एफ/८ म्हटलं की आत फक्त एक करडी काच आडवी येते.

आयएसओ वाढवला की शटर वेगवान होतं आणि फोटो कमी हलतो, हे अर्धसत्य मात्र कबूल. पण उन्हात ८० किंवा १००, सावलीत २००, संध्याकाळी ४०० आणि अगदीच नाइलाजाने ८००, यापुढे या सेन्सरवर जाऊ नये. १६०० ला कॅमेरा रंगीत ठिपक्यांची खर झाकायला फोटो आतल्या आत पुसतो. मग साडीचं पोत, केस, पिंपळाची पानं यांचा मेणासारखा गोळा होतो.

मेगापिक्सेलबद्दल एकच आकडा पुरे: ६ बाय ४ इंचाच्या प्रिंटला २.२ मेगापिक्सेल लागतात, पूर्ण ए-४ कागदाला ८.७. त्याच नखाएवढ्या सेन्सरवर २० कोंबले तर प्रत्येक पिक्सेलला मिळणारा प्रकाश कमी होतो. जुन्या ७-८ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे उन्हातले फोटो आजही छान दिसतात, हे मेसेजवाल्याचं म्हणणं मला पटतं.

बॅटरी पूर्ण संपवायचा नियम निकेल-कॅडमियम सेलांच्या काळातला. आताच्या चपट्या लिथियम बॅटरीला तो उलटा त्रासदायक आहे. २०-३० टक्के उरली की लावा चार्जिंगला, आणि फुगलेली दिसली तर दाबून बसवू नका, बाजूला काढा. साधे अल्कलाइन सेल चार्जरला लावणं मात्र निव्वळ घातक. आत वायू साचतो, सील फुटतं आणि दाहक क्षार बाहेर येऊन कॅमेऱ्याचे संपर्क खातो. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला निकेल मेटल हायड्राइडचे १.२ व्होल्टचे रिचार्जेबल सेलच घ्या. अल्कलाइनचा विद्युतदाब लेन्सची मोटर फिरताना खाली बसतो आणि अर्धे भरलेले सेल असूनही कॅमेरा ‘बॅटरी संपली’ म्हणतो.

राहिला रात्रीचा फ्लॅश आणि पूर्ण झूम. कॉम्पॅक्टचा फ्लॅश झूम न करता ३-४ मीटर पोचतो, पूर्ण झूमवर २ मीटरच्या आसपास, कारण लेन्सचं छिद्र एफ/२.८ वरून एफ/५.९ पर्यंत मिटतं. रामकुंडाच्या पायऱ्यांवरून दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर फ्लॅश मारला तर मारुती काळाच राहतो आणि पुढच्या माणसाचं डोकं पांढरंफटक येतं. डिजिटल झूम तर मेनूत जाऊन कायमचा बंद करा. ४ पट डिजिटल झूम म्हणजे १६ मेगापिक्सेलमधला १ उरतो.

संध्याकाळच्या गंगाआरतीला फ्लॅश बंद, झूम पूर्ण मागे, आयएसओ ४०० ठेवा. दिव्यांच्या उजेडात एफ/२.८ ला साधारण १/१५ सेकंद मिळतात. झूम पुढे नेला तर तेच पाव सेकंदाच्या वर जातं आणि हात कितीही धरा, फोटो हलतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) वजा १ करा, कारण फ्रेममध्ये काळोख जास्त असल्याने कॅमेरा सगळं उजळायला जातो आणि ज्योतीचा आकार जाऊन पांढरा डाग उरतो. शटर अर्धं दाबून ज्योतीच्या खालच्या, तबकाच्या काठावर फोकस धरा. कॅमेरा घाटाच्या कठड्यावर टेकवा, खाली रुमालाची घडी द्या, आणि २ सेकंदांचा टायमर लावा. मेसेजमधली ही एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे: बटण दाबताना बसलेला हिसका तेवढ्या वेळात थांबतो.